फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल, चौथा महिना: आधी काय काढलं आणि मग काय लावलं

गाडी घेतल्यापासून जो भेटतो तो पहिला हाच प्रश्न विचारतो, "रिमॅप कधी करतोयस?" चार महिने झाले, साडेतीन हजार किलोमीटर झाले, रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाईल बदलून पॉवर वाढवणं, अजून केलेला नाही. का नाही आणि त्याऐवजी काय काय झालं ते नीट लिहून ठेवतोय, कारण आपल्यातले बरेच जण सध्या सेकंड हँड टीएसआय शोधतायत आणि त्यांनाही याच रस्त्याने जायचंय.

गाडी २०२१ ची हायलाईन प्लस, लाल, एमएच १४ पासिंग, घेतली तेव्हा ४६ हजार किलोमीटर झालेले, मी दुसरा मालक. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ एनएम. जीटी का नाही घेतली असं विचारतात, तर या इंजिनात जीटी (पोलोचंच स्पोर्टी मॉडेल) फक्त ऑटोमॅटिक मिळायची आणि मला सहा गियरची मॅन्युअलच पाहिजे होती. मधे एक फियाटची अबार्थ पुंटो पण बघून आलो होतो, १४५ पीएस आणि चारही चाकांना डिस्क, स्टार्ट मारल्यावरच अंगावर काटा आला, पण फियाट इथून गेल्यावर एकेका पार्टसाठी किती दारं झिजवावी लागतात ते एका मित्राचं बघितलंय, त्यामुळे मन घट्ट करून परत आलो. तसं बघितलं तर दोन्ही गाड्या आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, ती रांजणगावची आणि ही चाकणची. चाकणला २००९ पासून पोलो बनत होती आणि २०२२ ला बंद झाली, म्हणजे आता ज्या आहेत त्याच जपायच्या.

तर पहिला महिना मी गाडीला काहीही लावलं नाही. नुसतं काढत बसलो. आधीच्या मालकाने उत्साहात तीन गोष्टी केल्या होत्या. ओपन कोन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर), चारही चाकांना स्पेसर (चाक बाहेर काढणारी जाड चकती), आणि हेडलाईटच्या साध्या होल्डरमध्ये स्वस्तातले एलईडी बल्ब. घेताना मला ते चांगलंच वाटलं होतं, आयती मॉड केलेली गाडी मिळतेय म्हणून. मग नव्वदच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं तरी थरथर जाईना म्हणून वारज्याला आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी पान्याने व्हील बोल्ट सोडवला आणि हाताने फिरवत फिरवत मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या आट्याला बोल्ट हातात. मला म्हणाले, "बाळा, या चार आट्यांवर तू काल महाबळेश्वरला जाऊन आलास."

मी तिथेच स्टुलावर बसलो. बायको आणि आई होत्या गाडीत काल.

स्पेसर लावला की तो जेवढा जाड तेवढाच लांब बोल्ट पाहिजे, आणि स्पेसरचं मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे. पोलोचा पीसीडी (बोल्टची मांडणी) ५x१०० आणि सेंटर बोअर (मधलं भोक) ५७.१ मिमी. या स्पेसरचं भोक मोठं होतं, म्हणजे चाकाचं सेंटर नुसतं बोल्टच्या भरवशावर, थरथर तिथूनच येत होती. बोल्ट मात्र कंपनीचेच, आखूड. स्पेसर काढले, नवे बोल्ट आणले आणि टॉर्क रेंचने १२० एनएमला कसले. तुमच्या सेकंड हँड गाडीला स्पेसर असतील तर हे वाचून झाल्यावर खाली जा आणि एक बोल्ट सोडवून आटे मोजा. सातच्या खाली आले तर गाडी तिथेच ठेवा.

कोन फिल्टरचं असं की आवाज भारी येतो, टर्बोचा सुस्कारा केबिनमध्ये ऐकू येतो, मलाही तो आवडायचा. पण तो उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवाच ओढतो, आणि आपल्याकडे सध्या जिकडे बघावं तिकडे रस्ता खणलेला, ती सगळी माती फिल्टरवर. स्टॉक (कंपनीचा मूळ) एअरबॉक्स आधीच्या मालकाने टाकून दिला होता, नाना पेठेत दोन शनिवार फिरल्यावर एक मिळाला, क्लिपा आणि स्नॉर्कलसकट. त्यात साधा कंपनीचा पेपर फिल्टर टाकला, दर सर्व्हिसला बदलायचा, विषय संपला. पॅनल फिल्टरने किती पॉवर वाढते यावर वाद घालणाऱ्यांशी मी घालणार नाही, पण स्टॉक पॉवरच्या गाडीत मला आजपर्यंत फरक जाणवलेला नाही.

दुसरा महिना टायर. आमच्या मित्राचं, अभ्याचं, मत होतं की आधी रिमॅप आणि उरलेल्या पैशात टायर. मी म्हटलं आधी लगीन कोंढाण्याचं. पुढचे टायर कडेने खाल्लेले आणि चारही इतके कडक झालेले की पावसात दुसऱ्या गियरमध्ये जरा पाय दाबला की ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायचा. आहे तीच पॉवर रस्त्यावर उतरत नाहीये तर अजून वाढवून करायचं काय?

साईजवरून आठवडाभर डोकं खाल्लं. कंपनीची साईज १९५/५५ आर १६, व्यास साधारण ६२१ मिमी. २०५/५५ केली तर ६३२, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा, ग्राउंड क्लिअरन्स पाचेक मिमीने वाढतो, या साईजमध्ये चॉईसही भरपूर कारण व्हर्टस आणि स्लाव्हिया गाड्यांना हीच आहे. पण गियरिंग तेवढंच लांबतं, आणि छोट्या टर्बो गाडीत १७५० आरपीएमच्या खाली आधीच जोराची पोकळी आहे, ती अजून जाणवते. २०५/५० केली तर ६११, पिकअपला बरी पण गाडी खाली बसते. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी जो स्पीडब्रेकर आहे त्यावर तीन माणसं बसवून गाडी तिरकी घ्यावी लागते. शेवटी कंपनीचीच साईज ठेवली आणि पैसे टायरच्या दर्जात घातले, मिशलिन प्रायमसी ४ एसटी. हा स्पोर्ट टायर नाही हे माहितीये. पण माझी गाडी रोज कोथरूड ते खराडी जाते आणि जून ते सप्टेंबर ओल्या रस्त्यावर जाते, मला ओल्यात ब्रेक लागणारा टायर पाहिजे होता. बदलल्यावर पहिल्याच वळणावर स्टिअरिंगने जे उत्तर दिलं ते ऐकून अभ्यासुद्धा गप्प बसला.

मग ब्रेक. याबाबत मी हट्टी आहे आणि राहणार. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार लागतो त्याबद्दल पुणेकराला वेगळं सांगायला नको, किती गाड्यांचे ब्रेक तिथे गेलेत. आपली कार हलकी आहे, ट्रक नाही, हे खरं, पण मी सिंहगडावरून उतरताना शेवटच्या दोन वळणांना पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं आत गेलं आणि पोटात गोळा आला. काकांनी ब्लीड निपलला (ब्रेक फ्लुइड काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून फ्लुइड काढलं तर कोऱ्या चहाचा रंग. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच किमान पातळी १५५ वर येते, आणि घाटात सारखा ब्रेक दाबून कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) तापला की आत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल आत जातं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी फ्लुइड बदलायचंच, गाडी कितीही कमी चालली असली तरी. नवीन डॉट ४, पुढे चांगले पॅड, मागचे ड्रम उघडून साफ आणि ॲडजस्ट. मोठ्या डिस्कचं किट बघून ठेवलंय, पण सध्याच्या पॉवरला त्याची गरज नाही. उतरताना दुसऱ्या गियरवर इंजिन ब्रेकिंग करा, ते फुकट आहे.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. लोअरिंग स्प्रिंग नाही लावणार, कारण वर आलंच आहे. पुढचे लोअर आर्मचे रबरी बुश तडकले होते, ते आणि स्ट्रट माउंट बदलले, अलाईनमेंट केली. टायर कडेने खाल्ले जात होते ते यामुळेच. गाडी आता सरळ रेषेत हात सोडला तरी सरळ जाते.

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट लावली आणि परत काढली. इंजिनच्या खालच्या माउंटमध्ये, ज्याला सगळे डॉगबोन म्हणतात त्यात, पॉलियुरेथेनचा कडक इन्सर्ट बसवला. फायदा खराच होतो, पहिल्या गियरमध्ये निघताना इंजिनचं डोलणं थांबतं आणि गियर कसे टकाटक पडतात. पण तीन सिलिंडरचं इंजिन, एसी चालू, सिग्नलला उभं, आणि आरशात मागची रिक्षा दिसायच्या ऐवजी नुसती काळी-पिवळी धुरकट रेघ दिसायला लागली. आईला पाठदुखीचा त्रास आहे, ती दहा मिनिटांत म्हणाली, "अरे, गाडीला थंडी वाजतेय का?" रविवारी इन्सर्ट काढला. तुम्ही एकटेच चालवत असाल तर जरूर लावा, पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त जाणवणारा बदल आहे.

आता मुद्द्याचं. रिमॅप.

दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी गाडी बघायच्या आधीच भाव सांगितला, दोन तासात १४० पीएस देतो म्हणाले. मी विचारलं आधी लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरचे आकडे) घेणार का, क्लच तपासणार का, कुठल्या पेट्रोलवर फाईल बनवणार? उत्तर आलं, "फाईल तयार असते सर." मी चहा पिऊन निघालो. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने सांगितलं की आधी महिनाभर स्वतः लॉग करून आण, स्टॉक गाडी निरोगी आहे का ते कळू दे, मग बोलू. मला असाच माणूस पाहिजे होता.

गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये हे आकडे वाचणारं डोंगल लावून पहाटे साडेपाचला, रस्ता मोकळा असताना, नवीन बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर लॉग घ्यायला लागलो. तिसरा गियर, २००० ते ४५०० आरपीएम, पाय पूर्ण दाबून, दरवेळी तोच चढ, कारण जागा बदलली की आकड्यांची तुलनाच होत नाही. बघायचं काय तर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) मागितला किती आणि मिळाला किती, इनटेकचं (आत येणाऱ्या हवेचं) तापमान, नॉकमुळे (इंधन अवेळी पेटल्यामुळे) स्पार्कचं टायमिंग किती मागे जातंय, आणि सिलिंडरप्रमाणे मिसफायर, म्हणजे किती वेळा इंधन पेटलंच नाही.

तापमानाचे आकडे डोळे उघडणारे होते. या इंजिनात इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) समोर हवेत नसतो, तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो आणि पाण्याने थंड होतो. त्यामुळे लॅग कमी, पण एकदा ते पाणी तापलं की थंड व्हायला वेळ लागतो. पहाटे चढ चढताना इनटेक ४१ अंश. एप्रिलच्या दुपारी चांदणी चौकातून वीस मिनिटं सरकत येऊन लगेच बघितलं तर ६३, आणि तेव्हा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टायमिंग स्पष्ट मागे घेत होता. आपल्याला दुपारी गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळे. कुलंट दोन्ही सर्किटचा बदलला, रेडिएटरच्या पुढची सगळी माती आणि पिसं धुवून काढली, दुपारचा आकडा पाच-सहा अंशांनी उतरला.

पेट्रोलचं सांगतो. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत आलं त्यात पुणं होतं, त्यामुळे मिळण्याची अडचण नाही. चार टाक्या टाकून बघितल्या. स्टॉक मॅपवर दुपारच्या लॉगमध्ये टायमिंग कमी मागे जातं, पहाटेच्या लॉगमध्ये काही फरक नाही. रोज टाकण्याइतका फायदा मला दिसला नाही. पण १०० ऑक्टेनसाठी मॅप करून घेतला तर मग कायम तेच टाकावं लागणार, कोकणात गेल्यावरही, हे आधी डोक्यात घ्या.

दुसरी गोष्ट गियरबॉक्स. मॅन्युअलला एमक्यू २०० आहे आणि त्या नावातला आकडा म्हणजे किती एनएमसाठी बनवलाय तो. स्टेज १ (पार्ट न बदलता केलेला रिमॅप) वाले सर्रास २२०-२३० सांगतात. तेवढ्यावर चालवणारे आहेत आणि गिअर धडधाकट आहेत हे मान्य, पण क्लच मधे घसरायला लागतो. मी सांगितलंय की मला २०० च्या आसपासच थांबव आणि २००० च्या खाली टॉर्क एकदम चढवू नकोस, कारण छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी आरपीएमला जास्त लोड दिला की स्पार्कच्या आधीच इंधन-हवेचं मिश्रण पेटतं आणि तो दणका थेट पिस्टनवर बसतो. सहाव्या गियरमध्ये १५०० वर पाय दाबायची सवय असेल तर ती स्टॉक गाडीतही सोडा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहेच, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढणं, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, हे मी करणार नाही. बीएस ६ गाडीचा कॅट काढून धूर मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर सोडायचा याला मी मॉड म्हणत नाही. रिमॅप केला तर इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवणार, प्रीमियम वाढला तर वाढू दे. क्लेमच्या वेळी लपवाछपवी अंगाशी येते.

ऑइल १५ हजार किलोमीटरऐवजी साडेसात हजारांना बदलतोय. एलईडी काढून चांगले हॅलोजन टाकलेत, समोरच्याचे डोळे वाचले आणि मलाही पावसात रस्ता जास्त दिसतो.

गेल्या रविवारी महिन्याभराचे लॉग त्या ट्यूनरला पाठवले. मंगळवारी फोन आला. बूस्ट व्यवस्थित, नॉक व्यवस्थित, पण दोन नंबरच्या सिलिंडरला ४२०० आरपीएमच्या पुढे मिसफायर मोजले जातायत, एका चढात अकरा. चालवताना मला एकही जाणवलेला नाही. काकांनी स्पार्क प्लग काढला तर इलेक्ट्रोड झिजून गॅप बराच वाढलेला, पोर्सलिनवर बारीक करडी रेघ. याच्यावर बूस्ट वाढवला असता तर पहिल्याच दिवशी गाडी झटके द्यायला लागली असती आणि मी मॅपला शिव्या घातल्या असत्या.

तिन्ही प्लग सांगितलेत, शनिवारी येतील. गरज पडली तर दोन नंबरची कॉइल (प्लगला वीज देणारी) एक नंबरला टाकून बघू, मिसफायर तिच्याबरोबर सरकतो का ते. मग परत पहाटे साडेपाच, तोच चढ, तिसरा गियर.