माळ्यावरच्या पट्ट्या

नानांनी शेवटचा माग गेल्या फेब्रुवारीत भंगारात दिला. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत तो चाळीसएक वर्षं चालला. लहानपणी मी त्याच्या खडखडाटात गाढ झोपायचे. वीज जाऊन माग थांबला की जाग यायची.

माग गेल्यावर माळा आवरताना दोरीनं ओवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा खाली आला. चादरीवरच्या मोराच्या डिझाइनच्या पट्ट्या. एक पट्टी उजेडात धरली, भोकांच्या ओळी चमकल्या आणि मी तिथेच शिडीवर बसून राहिले.

मी सतरा वर्षं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पहिल्याच आठवड्यात शून्य आणि एक समजावताना दिवा चालू, दिवा बंद हे उदाहरण देते. खालून नाना सांगत होते, "भोक असलं की सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, धागा वर. भोक नसलं की धागा खालीच. धोट्याच्या एका फेरीला एक पट्टी." (आम्ही घरात तेलुगू बोलतो, इथे मराठीत लिहितेय.)

जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाचा माग १८०४ सालचा. त्याच्या पट्ट्यांवरूनच चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाला आपल्या गणनयंत्राला सूचना द्यायची कल्पना मिळाली. बॅबेजकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, त्याला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. पुढे १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत हॉलरिथनं भोकं पाडलेल्या कार्डांवर माणसं मोजली. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण पुस्तकातला जॅकार्ड आणि आमच्या मागच्या खोलीतला 'जेकाट' हे एकच, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

एकाच कामात मुरणं वाईट, असं मी म्हणणार नाही. नाना सूत चिमटीत धरून त्याचा दर्जा सांगायचे. आईच्या मोतीबिंदूसाठी मी फक्त डोळ्यांचंच काम करणारे डॉक्टर शोधले. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस? १९३८ साली युद्धातल्या चीनमध्ये गेले, शस्त्रक्रिया करता करता चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४२ साली गेले तेव्हा वय अवघं ३२. शल्यविद्येनं त्यांना कुठेही अडवलं नाही.

अडवतात त्या भिंती. दहावीनंतर माझा इतिहास सुटला, मराठीही मागे पडली. शाळेपासून दोन गल्ल्यांवर शेकडो माग चालत होते, पण एकाही तासाला आम्हाला तिथे नेलं नाही. जणू ते शिक्षणच नव्हे.

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं : कामं वाटून घेतली की दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. त्याच पुस्तकात पुढे त्यानं असंही लिहिलं, की जन्मभर चारदोन साध्या क्रिया करणाऱ्याची बुद्धी मंदावते. हे वाचलं की मला आई आठवते. मांडीवर सूप घेऊन ती दिवसाला हजार विड्या वळायची. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, दिवसभर तेच. पण शेजारी रेडिओ असायचा. हात गुंतलेले, कान मोकळे. ज्वारीवरची कीड, कीर्तन, बातम्या, सगळं तिला ठाऊक. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली हे मला आईनं सांगितलं, शाळेनं नाही. माझ्या कामात डोळे, कान, डोकं सगळं स्क्रीनला बांधलेलं असतं. दहा ते सहा दुसरं काही आत शिरत नाही. म्हणून कामाकडे बघताना मी आता एवढंच विचारते : ते करताना माणसाचं काय मोकळं राहतं?

सोमवारी गठ्ठा वर्गात नेला. "कुणाच्या घरी माग आहे?" आधी कुणीच हात वर केला नाही. मी माझ्या घरचं सांगितलं, मग एकेक करत नऊ हात वर आले. मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली, पट्ट्यांची माळ माझ्या हातातून घेऊन तिनं फिरवली. "मॅडम, उलटी धरलीय. नंबर इकडून सुरू होतो." सहा महिन्यांत ती वर्गात पहिल्यांदाच बोलली होती.

रात्री नानांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मागावर एखादी पट्टी फाटली तर चादरीत दर मोराला त्याच जागी दोष दिसतो. तुमच्या कॉम्प्युटरला कसं कळतं?"

मी वही आणली. शून्य-एकची आठ घरं आखली, नववं घर चूक पकडणाऱ्या तपासणीचं. त्यांनी चष्मा लावला.