खाली बसवलेल्या स्विफ्टचं अलाइनमेंट: माझा अनुभव

अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) मशीनवर सगळे आकडे हिरवे आले की काम झालं, हे स्प्रिंग बदललेल्या गाडीला लागू नाही. तो हिरवा पट्टा कंपनीच्या उंचीचा. माझी स्विफ्ट 30 मिमी खाली आहे, आठवडाभर रत्नागिरीत फिरते आणि अधूनमधून रविवारी आंबा घाट चढून ऑटोक्रॉसला (मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडून वेळेशी लावलेल्या शर्यतीला) जाते.

30 वरच थांबलो, कारण तिथे लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) जवळपास आडवा येतो. अजून खाली गेलं की आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं, आणि वळणात गाडी कलल्यावर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची कड आत झुकणं) वाढायच्या ऐवजी कमी होतो. गाडी दिसते झकास, टायर मात्र बाहेरच्या कडेवर घासतो.

आधी बॉल जॉइंट, टायरॉड (स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) एंड आणि बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघा. खाऱ्या हवेत टायरॉडचा लॉकनट धरून बसतो. आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-40 मारून ठेवा. टाकी अर्धी, हवा बरोबर, सीटवर आपल्या वजनाइतकी वाळूची पोती. जॅकवरून उतरवलेली गाडी चार-पाच मीटर पुढेमागे ढकला, नाहीतर सस्पेन्शन वरच अडकतं आणि आकडा खोटा येतो.

पहिला कॅम्बर, मग टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर). कॅम्बर हलला की टो हलतोच. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरच्या भोकात एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवला की चाक कलतं) घातला आणि पुढे दोन्हीकडे -2 अंश ठेवले. काही ठिकाणी जॅक लावून स्ट्रट वाकवून 'कॅम्बर काढून' देतात. त्याला साफ नाही म्हणा: रॉड सीलवर तिरका घासतो आणि थोड्याच दिवसांत तेल गळायला लागतं. कॅम्बर बोल्ट मधे बारीक असतो, त्यामुळे खड्ड्यात आपटला की सरकतो. टॉर्क किटच्या कागदावरचाच द्या. बोल्टच्या डोक्यावरून स्ट्रटपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली आहे. पावसाळ्यात ती रेघ तुटलेली दिसली की परत मोजायचं.

मोजायला मशीनच हवं असं नाही. गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल पाईपने चारही चाकांखालची जागा फरशीचे तुकडे घालून समपातळीत आणा. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरश्या, मधे ग्रीस, म्हणजे चाक अडकून राहत नाही. रिमच्या वर-खाली 400 मिमी अंतरावर ओळंब्यापासून मोजा: 7 मिमी फरक म्हणजे 1 अंश. -2 ला वरची कड 14 मिमी आत.

टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपाशी अंतर मोजतो. रोजच्या वापराला शून्य. -2 कॅम्बरने टायरची आतली कड हळूहळू झिजते, हे मान्य. पण त्यात टो-आउट (चाकांची तोंडं बाहेर) मिसळला की ती भराभर जाते, शिवाय पावसात हायवेवर गाडी इकडेतिकडे बघत चालते. स्पर्धेला मात्र एकूण 2 मिमी टो-आउट देतो, गाडी शंकूपाशी चटकन वळते. माझ्या गाडीत त्यासाठी प्रत्येक टायरॉड साधारण पाव वळसा फिरतो. दोन्हीकडे सारखाच फिरवा, नाहीतर स्टीअरिंग वाकडं बसतं. रॉडवर खूण आहे, त्यामुळे मैदानावर दहा मिनिटांचं काम.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), तिथे फिरवायला काही नाही. डाव्या-उजव्या चाकात मोठा फरक निघाला तर बीम वाकलाय का बघा. मागचं टोक सैल हवं असेल तर मागच्या टायरमध्ये 3-4 पीएसआय जास्त.

कॅम्बर पुरतोय का, हे खडू सांगतो. टायरच्या खांद्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत आडवी रेघ मारून एक राउंड मारा. भिंतीवरचाही खडू पुसला गेला तर आधी 2 पीएसआय हवा वाढवा, तरीही तेच झालं तर निगेटिव्ह कॅम्बर वाढवा. ट्रेडच्या कडेवर खडू तसाच राहिला तर हवा किंवा कॅम्बर जास्त झालाय.

परतीच्या आधी टो पुन्हा खुणेवर आणि लॉकनट घट्ट. घाट उतरायचाय.