माचू पिचूच्या आधीची वाट

माचू पिचूचे, पेरूतल्या डोंगरमाथ्यावरच्या त्या जुन्या इंका शहराचे, फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. मला लिहायचंय ते तिथपर्यंत नेणाऱ्या वाटेबद्दल. मी आणि ताई मे महिन्यात पेरूला जाऊन इंका ट्रेल, म्हणजे स्पॅनिश यायच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या इंका लोकांची माचू पिचूला जाणारी जुनी वाट, करून आलो, चार दिवस तीन रात्री, साधारण ४३ किलोमीटर, आणि आल्यापासून जो भेटेल तो विचारतो की माचू पिचू कसं होतं, आणि मी दरवेळी त्या दगडी वाटेबद्दलच बोलत सुटते.

आधी तीन दिवस कुस्कोत राहिलो. शहर ३४०० मीटरवर आहे, पहिल्या दिवशी एक जिना चढलं तरी धाप लागायची, डोकं जड. तिथे जिकडे जाल तिकडे कोकाच्या पानांचा चहा देतात, आम्ही पण दिवसभर तोच पीत होतो. हे तीन दिवस अजिबात वाचवू नका, थेट ट्रेकला जाणं म्हणजे स्वतःचे हाल करून घेणं आहे. कुस्कोत कोरिकांचा बघितलं, इंकांचं मुख्य सूर्यमंदिर, स्पॅनिश लोकांनी वरचं पाडून त्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचं चर्च बांधलं. १९५० साली मोठा भूकंप झाला तेव्हा चर्चची बरीच पडझड झाली आणि खालच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या. त्या कोरड्या रचलेल्या आहेत, दगडांच्या मधे चुनाबिना काही नाही, भिंती किंचित आत कललेल्या आणि दारं खाली रुंद वर निमुळती.

मग ओयांतायताम्बो, इंकांचंच एक जुनं गाव. इथे मी खरंच बराच वेळ एका जागी उभी होते. सूर्यमंदिराचे सहा प्रचंड गुलाबी दगड आहेत, ते समोरच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेत, म्हणजे तिथून खाली उतरवायचे, मधली उरुबाम्बा नदी पार करायची आणि परत इकडच्या चढावर चढवायचे. ओझी वाहायला चाक नाही, लोखंडाची हत्यारं नाहीत, बैल-घोडे नाहीत, लामा आहे पण तो असलं वजन ओढणार नाही, म्हणजे दोरखंड, उतरण आणि माणसं. मंदिर अर्धवटच राहिलं. आणि खाणीपासून मंदिरापर्यंतच्या रस्त्यात काही दगड अजून तसेच पडलेत, लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात. ताई म्हणाली, "अगं, दगड थकलाय म्हणतात, माणसांचं काय झालं असेल!"

ट्रेल सुरू होतो रेल्वेलाईनच्या ८२व्या किलोमीटरपाशी. पासपोर्ट तपासतात, परमिटवरचं नाव जुळलं पाहिजे. दिवसाला ५०० जणांनाच सोडतात आणि त्यात गाईड, कुक, पोर्टर सगळे धरून, म्हणजे आपल्यासारखे पाहुणे जेमतेम २०० च्या आसपास. लायसन्स असलेल्या गाईडशिवाय जाताच येत नाही. गेटवर पोर्टर लोकांच्या पाठीवरच्या बोज्याचं वजन होतं, २० किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. आमच्या पुढच्याच एका ग्रुपचा बोजा जास्त भरला तर काट्याजवळच सामान सोडून परत वाटून बांधायला लावलं. मला हे फार बरं वाटलं. हे सगळे आसपासच्या गावांतले केचुआ बोलणारे शेतकरी, आपण सकाळी निघतो तेव्हा ते मागे तंबू गुंडाळत असतात आणि तासाभरात पाठीवर सगळं घेऊन आपल्याला मागे टाकून पुढे जातात, आपण मुक्कामाला पोचतो तेव्हा तंबू उभा आणि गरम सूप तयार.

पहिला दिवस सोपा. दुसरा दिवस म्हणजे वार्मीवान्युस्का, ४२१५ मीटरची खिंड. नावाचा अर्थ मेलेली बाई, कारण लांबून डोंगराची कड आडव्या झोपलेल्या बाईसारखी दिसते. शेवटचा तास मी वीस पावलं मोजायचे आणि थांबायचे, परत वीस. वर पोचल्यावर गाईडने कोकाची तीन पानं एकत्र धरून आधी डोंगरांकडे फुंकर घातली, मग ती पाचामामाला, म्हणजे धरणीमायला, दगडाखाली ठेवली आणि आम्हालाही तीन तीन पानं दिली. सगळे एकदम गप्प झाले होते.

त्या रात्री पाऊस पडला. मे म्हणजे कोरडा सीझन पण ढगांच्या जंगलाच्या, म्हणजे कायम धुक्यात असलेल्या डोंगरी जंगलाच्या, एवढं जवळ असल्यावर पाऊस येतोच. सकाळी निघालो तर मला वाटलं आता पायऱ्यांवर सगळा चिखल असणार, सह्याद्रीत असतो तसा. तर नाही! पायऱ्या ओल्या होत्या पण पाणी कुठेच साठलेलं नाही. गाईड खाली बसला आणि पायरीच्या कडेला तळहाताएवढी एक फट दाखवली, आतून पाणी खळखळत दरीकडे चाललं होतं. मी फटीपाशी हात धरला तर बर्फासारखं गार. पंधराव्या शतकातली गटारव्यवस्था आणि ती अजून चालू आहे! मग तिसऱ्या दिवशीच्या सोळा किलोमीटरभर मी दुसरं काही बघितलंच नाही. वाटेवर इंकांच्या जुन्या वास्तूंचे अवशेष लागतात: गोल आकाराचं रुंकुराकाय, कड्यावर टांगल्यासारखं सायाकमार्का, एका ठिकाणी तर अखंड खडकातून काढलेला बोगदा आणि त्यात पायऱ्या, आणि फुयुपातामार्काला एकाखाली एक दगडी स्नानकुंडांची रांग. डोंगराचं पाणी अडवायचं नाही, त्याला जायला वाट द्यायची आणि मग वर बांधायचं, हे सगळीकडे दिसत राहतं.

माचू पिचूतही तेच आहे. तिथे वर्षाला जवळपास २००० मिलीमीटर पाऊस पडतो, तरी डोंगराच्या माथ्यावर ते शहर टिकलंय कारण शेताच्या टेरेसमध्ये तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू आणि मग माती असे थर आहेत. १६ कारंजी एका चॅनलवर, एकातून दुसऱ्यात. हे सगळं इंका सम्राट पाचाकुतीच्या काळातलं मानतात.

चौथ्या दिवशी पहाटे टॉर्च लावून निघालो आणि इंती पुंकूला, सूर्यद्वाराला, पोचलो. खाली ढग, ढगात मधूनच हिरवा तुकडा, मग एकदम पूर्ण शहर. ताई रडली, मी पण. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने हे शोधलं असं आपण वाचतो ना, तर तो आला तेव्हा शेतकरी कुटुंबं तिथल्याच टेरेसवर पिकं घेत होती आणि वाट दाखवणाराही स्थानिक शेतकरीच होता, मेल्चोर आर्तेआगा. शोधलं हा शब्द मला आता खटकतो, त्या वाटेवर तर फारच, कारण त्या वाटेवर आजही त्याच लोकांच्या पाठीवर आपलं सामान असतं.

जाणार असाल तर परमिट कित्येक महिने आधी काढा, फेब्रुवारीत ट्रेल दुरुस्तीसाठी बंद असतो. काठीला रबरी टोपण हवंच, लोखंडी टोकाने पायऱ्या झिजतात म्हणून चालवत नाहीत. कंपनी निवडताना पोर्टरना पगार किती, झोपायला काय, जेवायला काय हे आधी विचारा, आम्ही विचारलं तेव्हा एका कंपनीने विषयच बदलला, तिला आम्ही सोडलं. आणि केचुआत आभारासाठी सुलपायकी म्हणतात, तेवढं पाठ करून जा. तिसऱ्या संध्याकाळी पोर्टर लोकांचा निरोप घ्यायचा असतो कारण दुसऱ्या दिवशी पहाटेच ते ट्रेन पकडायला उतरतात. आम्ही दोघींनी प्रत्येकासमोर उभं राहून सुलपायकी म्हटलं तर सगळ्यात म्हाताऱ्या काकांनी ताईचा हात दोन्ही हातात धरून ठेवला आणि केचुआत बरंच काही बोलले, गाईड जवळ नव्हता म्हणून अर्थ कळला नाही.