हायवे १६ वरून मॅकिंटॉशच्या घराकडे

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मॅकिंटॉश रिझर्व्ह या उद्यानात ओंडक्यांचं घर दिसलं की बरेच जण फोटो काढून परत फिरतात. पण विल्यम मॅकिंटॉशचं ते घर नव्हे. तो क्रीक लोकांचा नेता (ते स्वतःला मस्कोगी म्हणतात, ओढ्याकाठी राहणारे म्हणून इंग्रजांनी क्रीक म्हटलं). त्याचं घर ३० एप्रिल १८२५ ला जाळलं गेलं. आजचं घर नंतरचं. त्याने बांधलेलं आणि अजून उभं असलेलं काही पाहायचं तर इंडियन स्प्रिंग्जचं १८२३ चं दुमजली लाकडी हॉटेल.

अटलांटाहून सकाळी निघालात तर दोन्ही एका दिवसात होतं. आधी हॉटेल करा, म्हणजे इतिहासाचा क्रमही जुळतो. आय-७५ वर एक्झिट २०५, तिथून जॅक्सन, मग हायवे ४२ ने दक्षिणेला. हॉटेल स्टेट पार्कच्या समोरच आहे. आतून रोज उघडं नसतं, वार विचारूनच निघा. शेजारी खडकावर पाटी आहे: १२ फेब्रुवारी १८२५ चा, क्रीकांची जमीन विकणारा करार. क्रीकांच्या परिषदेला न विचारता जमीन विकली तर मृत्युदंड, असा त्यांचा कायदा होता आणि मॅकिंटॉशने त्याला पाठिंबाही दिला होता. तरीही सही केली.

पार्कातल्या दगडी झरागृहात गंधकाचं पाणी नळासारखं पडतं. वज्रेश्वरीसारखं गरम नाही, थंड आहे. वास मात्र उकडलेल्या अंड्याचा. काचेची बाटली न्या, प्लास्टिकला वास धरतो. उघडी ठेवली की कमी होतो.

मग जॅक्सनला परत या आणि तिथून रिझर्व्हपर्यंत हायवे १६ धरा: ग्रिफिन, सेनोया, न्यूनन, व्हाइट्सबर्ग, सुमारे १०० किमी. सेनोया हे मॅकिंटॉशच्या आईचंही नाव. मातृवंशाने मोजणाऱ्या या समाजात स्कॉटिश बापाचा मुलगा नेता झाला तो तिच्या पवन कुळामुळे.

रिझर्व्ह काउंटीचं, त्यामुळे स्टेट पार्कचा पास चालत नाही. सुटे डॉलर जवळ ठेवा. इथे चॅटाहूची नदीवर त्याचा मळा होता, गुलाम राबणारा. त्या कायद्याची शिक्षा द्यायला आलेल्या मेनावा या क्रीक नेत्याच्या माणसांनी बायकामुलांना बाहेर पडू दिलं, मग घर पेटवून त्याला मारलं. कबर घरासमोर रस्त्यापलीकडे, चटकन दिसत नाही. मग नदीवरच्या कड्यावर जा. पावसानंतर लाल माती बुटांना गोळ्यांसारखी चिकटते, उन्हाळ्यात गवतात गोचीड असतात. पूर्ण पँट घाला, मोजे पँटवरून ओढा आणि घोडेस्वार आले तर बाजूला थांबा.