बिल म्हणजे कुणाचं बिल?

खूप दिवसांनी लिहितेय. मधे एका प्रोजेक्टमध्ये अडकले होते, दूध संकलन केंद्रांसाठीचं ॲप, आणि त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून अशी काही माती खाल्ली की ती कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

टीम सहा जणांची. मी आणि अजून एक डिझायनर बाणेरच्या ऑफिसात, प्रॉडक्टवाली आणि टेस्टर कोथरूडला आपापल्या घरून, बॅकएंडवाला, म्हणजे ॲपच्या आतलं कोडिंग करणारा, नागपुरात, आणि सहावे आमचे फिल्डचे दादा. ते शिरूर-इंदापूरकडे केंद्राकेंद्रांवर फिरत असतात आणि फिग्माची (स्क्रीनचं डिझाइन ऑनलाइन काढायच्या टूलची) लिंक मोबाईलवर उघडतात, म्हणजे उघडायचा प्रयत्न करतात. बाकी आमचं सगळं काम फिग्मात, चर्चा त्याच्याच फिगजॅम नावाच्या ऑनलाइन बोर्डावर, पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या, सगळ्यांचे कर्सर आपापलं नाव घेऊन इकडून तिकडे पळतायत, बघणाऱ्याला वाटावं काय एकजीव टीम आहे!

स्क्रीन अगदी साधा होता. शेतकऱ्याला दर दहा दिवसांनी हिशोब दिसायचा. वर ठळक 'बिल', खाली रक्कम, त्याखाली 'तपशील'. या एका स्क्रीनवर ४३ कमेंट होत्या आणि ४३ च्या ४३ रिझॉल्व्ह, म्हणजे 'विषय मिटला' अशी खूण केलेल्या, सगळीकडे टिक, मला तर त्या टिका बघूनच बरं वाटायचं. रक्कम लाल केली मी. तिच्याशेजारी 'थकीत' असा टॅग बॅकएंडवाल्याने सुचवला, कारण त्याच्या डोक्यात बिल म्हणजे लाईटबिल, मोबाईलचं बिल, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेच होतं. दादांनी खाली अंगठ्याची इमोजी दिली. झालं, फायनल.

पायलटच्या, म्हणजे चाचणी वापराच्या, पहिल्याच आठवड्यात एका केंद्रावरून दादांचा फोन. "ओ ताई, इथे एक आजोबा भांडायला लागलेत, म्हणतायत दूध मी घातलं आणि पैसे पण मीच द्यायचे का?"

दुधाचं बिल म्हणजे शेतकऱ्याला मिळणारे पैसे. उसाचंही तसंच, 'बिल आलं का' म्हणजे पैसे जमा झाले का. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, माझ्या आजोळी हेच बोलतात! पण ऑफिसात बसून स्क्रीन काढताना मी आजोळची नसते, मी महावितरणची ग्राहक असते. दादांनी अंगठा दिला तो 'बिल' हा शब्द बघून, कारण त्यांच्या दृष्टीने शब्द शंभर टक्के बरोबर होता, आणि मोबाईलच्या एवढ्याशा चौकटीत 'थकीत' त्यांना दिसलंच नव्हतं. म्हणजे सहा जणांनी एकच चित्र बघितलं, एकाच शब्दाला होकार दिला आणि पैसे मात्र दोन उलट्या दिशांना पाठवले.

मास्टर्सला असताना हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन या मानसशास्त्रज्ञांचा १९९१ चा एक लेख वाचला होता, तेव्हा परीक्षेपुरता. त्यात साधारण असं आहे की बोलणारे लोक नुसतं बोलत नाहीत, समोरच्याला कळलंय याचा पुरावा सतत गोळा करत असतात, आणि सगळे पुरावे सारख्या वजनाचे नसतात. नुसतं 'हं हं' हा कच्चा पुरावा, समोरच्याने पुढचं वाक्य बरोबर जोडून दाखवलं तर तो पक्का. आता अंगठ्याची इमोजी म्हणजे काय? टाईप केलेलं 'हं हं'! आणि रिझॉल्व्हचं बटण तर त्याहून वाईट, ते दाबलं की कमेंट नजरेआड जाते, कळलं असो वा नसो.

दुसरी गंमत म्हणजे हा घोळ जुना आहे. १९६८ च्या ९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट या संगणक संशोधकाने मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्यासोबत एकाच स्क्रीनवर, दोघांचे पॉइंटर फिरवत काम करून दाखवलं होतं. पुढे ऐंशीच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रात कोलॅब नावाची मीटिंग रूम केली, तिथलं तत्त्वच हे की तुला जे दिसतंय तेच मला दिसतंय. पण प्रत्यक्ष वापरल्यावर १९८७ मध्ये त्यांनीच लिहिलं की हा नियम इतका कडक धरून चालत नाही, जरा सैल करावा लागतो. आमचं तर उलटंच, आम्हाला वाटत होतं सगळ्यांना तेच दिसतंय, आणि दादांना तेवढंही दिसत नव्हतं.

सुटलं कसं ते ऐका. गुरुवार होता, पुण्यातला गुरुवार म्हणजे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तशी ती गेली, नेट गेलं, मग फोन कॉन्फरन्सवर आले सगळे. दादा एका केंद्रावरच बसले होते, त्यांना म्हटलं समोरच्या माणसाचं खरं बिल वाचून दाखवा. ते वाचत गेले, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, मग कपात, पेंडीची दोन पोती, उचल, आणि शेवटी 'हातात किती'. मी कागदावर उतरवत होते. मधेच नागपूरहून आवाज आला, "म्हणजे एखाद्याची कपात बिलापेक्षा जास्त झाली तर?" दादा म्हणाले, "होते की, मग बाकी पुढच्या बिलात जाते." तीन महिने एवढी टूल्स वापरून हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता! स्क्रीन समोर असला की आपण स्क्रीनबद्दल बोलतो, रंग, जागा, फॉन्ट. स्क्रीन गेला तेव्हा कुठे दुधाबद्दल बोललो.

म्हणून टूल फेकून द्या असं नाही म्हणत मी, नेट आल्यावर पहिल्यांदा त्या कागदाचा फोटो बोर्डावरच टाकला. फक्त आता बोर्डाच्या एका कोपऱ्यात शब्दांची कार्डं आहेत. एका कार्डावर एक शब्द, आणि प्रत्येकाने आपला अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा, आधी दुसऱ्याचा न बघता. अर्थ जुळले तर हिरवं, नाही तर लाल, आणि लाल कार्ड रिझॉल्व्ह करायला बंदी. अंगठा चालत नाही.

दोन आठवड्यांत हेही ढेपाळलं. कार्डं लिहायला वेळ कुणाचा जातो, तर दादा आणि टेस्टरचा, आणि फायदा कुणाचा, तर माझा आणि बॅकएंडवाल्याचा. जोनाथन ग्रुडिन या संगणक संशोधकाने १९८८ मध्ये हेच लिहिलंय, एकत्र काम करायची सॉफ्टवेअर पडतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे राबणारे वेगळे आणि फायदा घेणारे वेगळे. मग दादांना सांगितलं तुम्ही लिहूच नका, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाका, कार्ड मी भरते. आता ते गाडी बाजूला लावून दीड-दीड मिनिटाच्या नोट टाकतात, मागे म्हशी ओरडत असतात, आणि ते ऐकायला सगळ्यांनाच आवडतं.

काल 'खाडा' आला. बॅकएंडवाल्याने लिहिलं: गैरहजर, तीन दिवसांनी नोटिफिकेशन पाठवायचं, 'आपण दूध घातलेलं नाही'. मीही साधारण तेच लिहिलं होतं. दादांची नोट आली, "अहो गैरहजर काय, त्याची गाय आटलीय. आता ती विणार कधी, मग दूध येणार. रोज मेसेज टाकलात तर ॲपच काढून टाकेल तो."

कार्ड लाल आहे अजून.