शेअर घेण्याआधी मी आता काय वाचते

२०२१ मध्ये आयटीचे शेअर नुसते वर चालले होते. कोथरूडला आमच्या सोसायटीत सगळेच घेत होते, म्हणून मीही एफडी मोडून एका मध्यम आयटी कंपनीत पैसे घातले. वर्षभरात भाव निम्म्यावर आला. रडू आलं. मग त्याच कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बसले.

नफा दरवर्षी वाढलेला होता. पण कॅश फ्लोच्या, म्हणजे रोख पैसा किती आला-गेला याच्या पानावर वेगळंच चित्र. नफा शंभर रुपये धरला, तर कामकाजातून हातात आले होते पंचावन्न. बाकीचे कुठे गेले ते टिपांमध्ये शोधलं. ग्राहकांकडची येणी विक्रीच्या दुप्पट वेगाने वाढलेली, आणि त्याखाली 'अनबिल्ड रेव्हेन्यू', म्हणजे काम झालंय पण बिलच लावलेलं नाही. त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली. मी पैसे घातले तेव्हाही हे सगळं छापलेलंच होतं!

पुढचं मावसभावाने शिकवलं. तो हिंजवडीत एका अमेरिकी बँकेच्या प्रोजेक्टवर आहे. म्हणाला, "ताई, आमची विक्री म्हणजे त्या बँकेचा खर्च. तिकडे बजेट अडलं की इकडे माणसं बेंचवर, म्हणजे कामाविना बसून." तेव्हापासून आधी गिऱ्हाईक बघते. केपीआयटी या आयटी कंपनीचं गिऱ्हाईक मोटार कंपन्या, दुसऱ्या कुणाचं बँका. दोघींना नुसतं 'आयटी' म्हणून चालत नाही. वाढ कॉन्स्टंट करन्सीतलीच, म्हणजे चलनाच्या दरातला बदल वगळून मोजलेलीच धरते, कारण रुपया घसरला की रुपयातली विक्री आपोआप फुगते.

२०२५ च्या सुरुवातीला अल्फाबेटने (गूगलची मूळ कंपनी) त्या वर्षासाठी सुमारे ७५ अब्ज डॉलर भांडवली खर्चाचा अंदाज दिला, तेव्हा मला वाटलं, आपल्या कंपन्यांची चांदी. पण तो पैसा मुख्यतः सर्व्हर आणि डेटा सेंटरचा. आधी चिप बनवणाऱ्यांकडे जातो. खर्च करणाऱ्याच्या नफ्यातही तो एकदम दिसत नाही, घसारा म्हणून बरीच वर्षं थोडा थोडा उतरतो. म्हणून अशा कंपनीत मी कामकाजातली रोकड वजा भांडवली खर्च, एवढंच आधी मांडते.

ते जुने शेअर तोट्यात विकले. सध्या एक नवी कंपनी तपासतेय. पाच वर्षांची रोकड नफ्याशी जुळते, पण जवळपास निम्मी विक्री पाचच गिऱ्हाइकांकडून येते. पुढच्या तिमाहीच्या निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी बोलते तो कॉल ऐकेन, मग ठरवेन.