आजोबांचे पाय फरशीला चिकटतात तेव्हा

पाय उचलत नाहीत, घासत नेतात. पावलं आखूड, दोन पायांत अंतर जास्त, आणि वळायचं म्हटलं की जागच्या जागी सात-आठ पावलं. उंबऱ्याशी तर पाय चिकटूनच बसतात. घरचे म्हणतात, वय झालं. कधी पार्किन्सनच्या गोळ्या सुरू होतात आणि महिनोन्‌महिने फरक पडत नाही. अशा वेळी हात बघा. पार्किन्सनमध्ये बहुधा एका बाजूचा हात चालताना हलेनासा होतो. इथे पाय अडतात, पण हात बऱ्यापैकी हलतात.

हा नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे एनपीएच असू शकतो. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांनी १९६५ साली तो जगापुढे मांडला. मेंदूत दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. हे चक्र बिघडलं की आतल्या पोकळ्या फुगतात, पण कमरेत, मणक्यांमध्ये सुई घालून मोजलेला या पाण्याचा दाब नॉर्मलच येतो. बहुतेकदा आधी चाल बिघडते, मग लघवीला धीर धरवत नाही, विचार मंदावतो. तिन्ही लक्षणं जमेपर्यंत थांबू नका, कारण शस्त्रक्रियेने सर्वांत जास्त सुधारते ती चालच. विसरभोळेपणा तितका हटत नाही.

एमआरआयमध्ये पोकळ्या मोठ्या दिसल्या म्हणून निदान झालं असं नाही. म्हातारपणी मेंदू आकसला तरी त्या मोठ्या दिसतात. म्हणून कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढून चाल सुधारते का ते बघतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. पाणी काढण्याआधी १० मीटर चालवून सेकंद आणि पावलं मोजा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. नंतर काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा: तीच जागा, त्याच चपला, तीच काठी. नुसतं “बरं वाटतंय का?” विचारून भागत नाही. फरक दिसला नाही तरी आशा सोडू नका. दोन-तीन दिवस कमरेत नळी ठेवून पुन्हा तपासता येतं.

उपचार म्हणजे शंट: मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी बारीक नळी आणि किती पाणी वाहू द्यायचं ते ठरवणारा वॉल्व्ह. बसल्यावर डोकं दुखून आडवं झाल्यावर थांबलं, तर पाणी जास्त वाहतंय. डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली किंवा एक बाजू लुळी पडली, तर मेंदूभोवती रक्त साचलं असेल. त्याच दिवशी सीटी स्कॅन हवा. सुधारलेली चाल पुन्हा बिघडली तर नळी तुंबली का ते बघावं लागतं. वॉल्व्हचं सेटिंग बाहेरून चुंबकाने बदलता येणारं असेल तर त्याचं कार्ड पाकिटात ठेवा. एमआरआयनंतर सेटिंग हललं नाही ना, हे तपासूनच घरी या.